कुत्री घेऊन नदीकाठी दिवसभर : वाई–मेणवलीच्या वाटेवर आधी काय, मग काय

रविवारी कुत्री घेऊन नदीकाठी येणाऱ्या बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. साडेआठला घर सोडायचं, वाटेत मिसळीसाठी थांबायचं, नदी दिसली की पट्टे सोडायचे, कुत्री पाण्यात हुंदडून दमली की मग चालायला सुरुवात करायची आणि दुपारी दीडच्या उन्हात, सावली नसलेल्या डांबरी रस्त्याने लंगडत परत यायचं. हा क्रम जवळजवळ पूर्ण उलटा करावा लागतो. शिवाय अंतर आपल्या दमावर ठरवायचं नसतं. तुमचं एक आणि सोबत येणाऱ्या मित्राचं एक, अशा दोन कुत्र्यांत जे कमकुवत असेल, ते दुपारी बारा वाजता कसं असेल यावर ठरवायचं.

उदाहरणासाठी कृष्णाकाठ घेतो. वाईहून मेणवली साधारण तीन किलोमीटर, धोम आठेक किलोमीटर. पुण्याहून खंबाटकी घाट चढून सुरूर फाट्याला वळलं की वाई. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी धोमपर्यंत चालत जाऊन चालत परतायचा हट्ट धरू नये. मेणवली, तिच्यापुढे थोडं आणि परत, असे आठ-नऊ किलोमीटर दोन कुत्र्यांसह पुष्कळ होतात. नीरा, पवना, इंद्रायणी, कुठल्याही काठी क्रम हाच.

टप्पा १ : आठवडाभर आधी कुत्र्यांची ओळख

आपली मैत्री जुनी असली म्हणून कुत्र्यांची असतेच असं नाही. दोन अनोळखी कुत्री पहिल्यांदा नदीवरच भेटवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. गाडीतून उतरलेली, उत्तेजित झालेली, नवीन वासांनी भंडावलेली कुत्री ताणलेल्या पट्ट्यांवर नाकाला नाक भिडवून उभी राहिली की भांडण व्हायला दोन सेकंद लागतात.

ओळख तिसऱ्या जागी करा. तुमची सोसायटी नको, मित्राचीही नको. एखादं मैदान किंवा रिकामा रस्ता बघा. दोघांनी वीसेक फूट अंतर ठेवून एकाच दिशेने चालायचं. कुत्री एकमेकांकडे बघतात, मग पुढे बघतात, जमीन हुंगतात. असं झालं की अंतर हळूहळू कमी करा. पंधरा-वीस मिनिटांनी पट्टा सैल सोडून मागच्या बाजूने हुंगू द्या, मनात तीन मोजा आणि हाक मारून बाजूला घ्या. असं तीन-चारदा करा. अंग ताठ, शेपटी वर आणि कडक, नजर खिळलेली, पाठीवरचे केस उभे, यातलं काही दिसलं की पुन्हा अंतर वाढवायचं. त्या वेळी ओरडून काही साधत नाही.

दोघांचं अजिबात जमलं नाही तर एक कुत्रं घरी ठेवा. मादी माजावर असेल तर बेत पुढे ढकला, दोन्ही कुत्र्यांच्या दृष्टीने आणि वाटेतल्या गावच्या कुत्र्यांच्या दृष्टीनेसुद्धा.

तपासा : ओळखीच्या दिवशीच दोघांनी एकमेकांचं कुत्रं दहा मिनिटं चालवून बघितलं का? नदीवर एकाचा पाय मुरगळला तर दोन्ही पट्टे दुसऱ्याच्या हातात येणार आहेत.

टप्पा २ : कुत्र्याचं शरीर तयार आहे का

रोज अर्धा तास सोसायटीत फिरणारं कुत्रं एकदम नऊ किलोमीटर चाललं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी उठत नाही. तीन-चार आठवडे आधीपासून रविवारची चाल वाढवत न्या. दमाइतकाच प्रश्न तळव्यांचा आहे. फरशीवर वाढलेल्या कुत्र्याचे तळवे मऊ असतात आणि कृष्णाकाठी मुरूम, धोंडे आणि तोडलेल्या उसाचे बुडखे असं सगळं लागतं.

पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना दिवसभराची चाल नको. त्यांना श्वासावाटे उष्णता नीट बाहेर टाकता येत नाही. सकाळचा एखादा तास फिरवा आणि परत आणा. वर्षाच्या आतलं पिल्लू आणि सांधे धरलेलं म्हातारं कुत्रं यांनाही तोच नियम.

रेबीजची वार्षिक लस आणि लेप्टोस्पायरोसिसचा समावेश असलेली लस चालू आहे का, हे आधी बघा. लेप्टोचे जंतू उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात, चिखलात उतरतात. नदीकाठी दोन्ही मुबलक. गोचिडांचं औषधही निघायच्या सकाळी देऊन उपयोग नाही. मानेवर सोडायचं औषध असेल तर ते कातडीवर पसरायला दोन दिवस द्या आणि त्या दिवसांत अंघोळ घालू नका. गोळी असेल तर वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून.

टप्पा ३ : वाटेची आणि पाण्याची चौकशी

आपल्याकडे नदीकाठाने सलग, सार्वजनिक अशी पायवाट नसते. असते ती पाणंद, शेताचा बांध, पाण्याच्या मोटारीकडे जाणारी गाडीवाट, घाट, मग मध्येच येणारा ओढा, आणि तिथून पुन्हा डांबरी रस्ता. त्यामुळे नकाशावर रेघ ओढून अंतर मोजू नका. उपग्रहाच्या चित्रात तीन गोष्टी बघा : ऊस कुठे आहे, ओढे नदीला कुठे मिळतात आणि गाडी काठापर्यंत कुठे येऊ शकते. ही तिसरी जागा साधारण दर किलोमीटरला एक तरी खूण करून ठेवा. कुत्रं जखमी झालं तर परतीची पूर्ण वाट चालायची नसते, जवळच्या अशा जागेपर्यंत पोचायचं असतं.

पाण्याची चौकशी त्याहून महत्त्वाची. वरच्या अंगाला धोम धरण आहे. आकाश निरभ्र असताना, आठवडाभर पाऊस नसताना नदीचं पाणी वाढू शकतं, कारण ते वरून सोडलेलं असतं. आदल्या दिवशी ओळखीच्या कुणाला फोन करा, नाही तर सकाळी घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांना किंवा मोटार चालू करायला आलेल्या शेतकऱ्याला विचारा : "पाणी सोडलंय का?" त्यांचं उत्तर कुठल्याही अॅपपेक्षा खरं असतं.

हंगाम : नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य. पावसाळ्यात काठ निसरडा आणि पाणी गढूळ. होळीनंतर ऊन कुत्र्यांच्या सोसण्यापलीकडे जातं.

त्या भागातल्या पशुवैद्याचा नंबर शोधून आधीच फोन करा. दोनच प्रश्न विचारायचे : रविवारी कोणी असतं का, आणि सापाच्या विषावरची लस ठेवता का? जनावरांसाठीचा सरकारी मदत क्रमांक १९६२, वन विभागाचा १९२६, माणसांसाठी १०८. हे दोघांच्याही फोनमध्ये हवेत, एकाच्याच नव्हे.

टप्पा ४ : पिशवी

कपड्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही : पूर्ण पॅन्ट आणि घोटा झाकणारे बूट. सँडल नकोत.

पाणी मात्र मोजून घ्या. वीस-पंचवीस किलोच्या कुत्र्याला दिवसभरासाठी किमान दोन लिटर स्वतंत्र, शिवाय तुमचं. "नदी आहे की प्यायला" हा हिशेब चुकीचा. वाहतं पाणी त्याने दोन घोट प्यालं तर बिघडत नाही, पण पोट भरायचं ते घरच्या पाण्याने. हिरवी साय धरलेल्या किंवा जलपर्णीने झाकलेल्या डबक्याजवळ तर त्याला जाऊच देऊ नका.

पट्टा साधा, सहा फुटी. बटण दाबल्यावर लांब होणारा पट्टा घरी ठेवा. तो उसाच्या बुडख्यांत अडकतो, आणि दोन कुत्र्यांचे असे दोन पट्टे एकमेकांत गुंतले की कापावेच लागतात. गळपट्ट्याऐवजी छातीला हार्नेस, पण गळ्यातही फोन नंबरचा बिल्ला हवाच. पाण्यापाशी वापरायला दहा मीटरची हलकी दोरी घ्या.

औषधांत चिमटा, गॉज, क्रेप बँडेज, पोव्हिडोन आयोडीन, सलाईनची छोटी बाटली आणि दोन जुने मोजे (पंजाला बँडेज बांधल्यावर वरून चढवायला). दुखण्यावरच्या आपल्या गोळ्या कुत्र्याला द्यायच्या नाहीत. आयबुप्रोफेन तर विषच. आणखी एक वस्तू जवळजवळ सगळे विसरतात : जाड चादर. चालू न शकणारं पंचवीस किलोचं कुत्रं एकट्याला उचलून फार लांब नेता येत नाही. चादरीची चार टोकं दोघांनी धरली तर एक किलोमीटरही नेता येतं.

तपासा : विष्ठेसाठी पिशव्या घेतल्या का? शेताचा बांध म्हणजे रिकामी जागा नव्हे. पलीकडच्या वाफ्यात कोथिंबीर असते.

टप्पा ५ : सकाळ

पुण्याहून साडेपाचला निघालात तर उजाडल्यावर वाईत पोचता. चालायला सुरुवात पूर्ण उजेड झाल्यावरच. का, ते पुढच्या टप्प्यात येतं. कुत्र्याला निघायच्या आधी नेहमीच्या निम्मंच खायला द्या, आणि खाणं व चालणं यांत दोन तास जाऊ द्या. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांत भरल्या पोटी धावपळ झाली की जठराला पीळ बसण्याचा धोका असतो. त्यात जीव काही तासांत जातो. घाटाच्या वळणांवर ओकणाऱ्या कुत्र्यालाही रिकामं पोटच बरं.

मिसळ परतताना. तुम्ही हॉटेलात आणि कुत्रं बंद गाडीत हे थंडीतही करू नका. उन्हात उभी गाडी दहा-पंधरा मिनिटांत तापते.

गाडीतून कुत्री एकेक करून उतरवा, पट्टा आत असतानाच लावा. पहिली दहा मिनिटं दोन्ही कुत्री समांतर, अंतर ठेवून. लघवी, हुंगणं, अंग झटकणं होऊ दे. मग दोघांनी मागे फिरायची वेळ ठरवा. ठिकाण ठरवू नका, वेळ ठरवा. सव्वासातला सुरुवात केली तर साडेनऊला जिथे असाल तिथून मागे. मेणवलीचा घाट समोर दिसत असला तरी. हे आधी बोललेलं नसेल तर "आता आलोच आहोत तर" असं म्हणणारा एक जण निघतोच.

टप्पा ६ : बांध, ऊस आणि गाव

या टप्प्यात कुत्री पट्ट्यावरच. पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही, तळहातात धरायचा.

शेतात माणूस दिसलं की दुरूनच विचारा : "काका, बांधावरून जाऊ का? कुत्री पट्ट्यावर आहेत." नाही म्हणणारे थोडे, पण बहुतेक जण त्याबरोबर एखादी कामाची गोष्ट सांगतात : काल फवारणी केली आहे, पुढे पाणी लावलंय, त्या बाजूला आग्या मोहोळ बसलंय. फवारलेल्या रानातून कुत्रं गेलं तर औषध तळव्यांवरून जिभेवर जातं. उंदरांसाठी ठेवलेलं झिंक फॉस्फाईडचं आमिष त्याहून वाईट. दिसेल ते तोंडात घालणारं कुत्रं असेल तर त्याला पाणी पिता येईल अशी जाळीची मुसकी घाला.

कुंपणाची तार दिसली की ती चालू आहे असं धरूनच वागा. झटका मशीनचा झटका कुत्र्याला पळवून लावतो. रानडुकरांसाठी कुणी थेट वीज सोडली असेल तर जीव घेतो. हीच काळजी काठावरच्या मोटारींपाशी. उघडे जोड, पाण्यात लोंबणारी केबल, ओली जमीन असेल तिथून वळसा घाला.

आता ऊस. बिबट्या उसात राहतो, आणि कुत्रं हे त्याचं ठरलेलं भक्ष्य. ही भीती घालायला सांगत नाही. त्या भागातली माणसं रोज या गोष्टीसह जगतात आणि काही साधे नियम पाळतात. तेच आपण पाळायचे. अंधुक उजेडात चालायचं नाही. दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या पाणंदीत एक जण पुढे, एक मागे, कुत्री मध्ये आणि पट्टे आखडलेले. मोठ्याने बोलत चला. कुत्रं अचानक थबकलं, केस उभे करून उसाकडे बघू लागलं किंवा पायात घुटमळू लागलं तर त्याला ओढत पुढे नेऊ नका. आलात तसे मागे फिरा. ऊसतोड चालू असलेल्या फडापासून लांब राहा, कारण पीक कमी होत जातं तसं आत दडलेलं जनावर, कधी पिल्लांसह, उरलेल्या पट्ट्यात सरकतं. बिबट्या दिसलाच तर पळायचं नाही, खाली वाकायचं नाही. लहान कुत्रं उचलून घ्या, आवाज करत, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका.

धनगरांची मेंढरं दिसली की कुत्री जवळ ओढून थांबा. त्यांची कुत्री राखणीची असतात आणि आपलं काम चोख करतात. मेंढपाळाला हाक मारा, तो सांगेल त्या बाजूने जा. गावच्या कुत्र्यांचं वेगळं. ती शिवेपर्यंत भुंकत येतात. न थांबता, न पळता, त्यांच्या डोळ्यांत न बघता चालत राहा. फारच जवळ आली तर दगड उचलायला वाकल्यासारखं करा, खरोखर मारू नका.

सावध : गवतात, दगडांच्या रचलेल्या बांधात आणि पाचटाच्या ढिगात कुत्र्याला तोंड खुपसू देऊ नका. घोणस, नाग, फुरसं, सगळे इथले रहिवासी. चावा बहुतेक वेळा नाकावर किंवा पुढच्या पायावर होतो. आवळपट्टी नाही, चिरा नाही. कुत्र्याला चालू न देता चादरीत घालून गाडीकडे, आणि वाटेतच डॉक्टरांना फोन.

टप्पा ७ : पाण्यात

पाण्यातला खेळ चालण्याच्या आधी नको. भिजलेले तळवे लवकर सोलवटतात आणि ओल्या हार्नेसने काखेत कातडी घासली जाते. मागे फिरायच्या जागी खेळा, मग अंग वाळेपर्यंत बसा.

जागा निवडायची ती अशी : काठ उतरता, तळ दिसणारा, प्रवाह संथ, आणि खालच्या अंगाला कुत्र्याला सहज चढता येईल असा दुसरा उतार. उभ्या दरडीचा काठ नको. वाळू उपसलेल्या जागी गुडघाभर पाण्याच्या शेजारीच पुरुषभर खड्डा असतो आणि वरून काही कळत नाही. आधी काठीने तळ चाचपा.

कोल्हापुरी बंधाऱ्याच्या जवळपास कुत्रं पाण्यात सोडायचं नाही, वरच्या बाजूलाही नाही आणि खालच्याही. बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असले तरी फटींतून ओढ असते. वरून पाणी शांत दिसतं आणि खाली जनावर दाबून धरलं जातं.

एका वेळी एकच कुत्रं पाण्यात, दहा मीटरच्या दोरीवर. दोन कुत्री एकत्र सोडली की एक दुसऱ्याच्या पाठीवर चढतं, आणि थकलेलं कुत्रंसुद्धा दुसऱ्याच्या नादाने पोहत राहतं. चेंडू आणला असेल तर पिशवीतच असू द्या; दोन कुत्री आणि एक चेंडू यात भांडणाची पूर्ण तयारी असते.

सावध : कुत्रं प्रवाहात वाहत निघालं तर मागोमाग उडी मारू नका. काठाने खाली पळा, उताराच्या जागी उभं राहून हाक मारा. कुत्री बहुतेकदा बाहेर येतात. त्यांच्यामागे उतरलेली माणसं कधी कधी येत नाहीत.

मेणवलीच्या घाटावर आणि वाईतल्या घाटांवर कुत्री पाण्यात उतरवू नका. तिथे लोक स्नानाला, पूजेला, दहाव्याला येतात. पिंडाचा भात कुत्र्याने पळवला तर त्या घरच्या माणसांना काय वाटेल, हे सांगायला नको. घाटाच्या पायऱ्यांच्या फटींत काचा आणि गळाचे हूकही असतात.

टप्पा ८ : डबा आणि परतीची वाट

जेवायला बसलात की दोन्ही कुत्री वेगवेगळ्या झाडांना बांधा, मध्ये तुम्ही. त्यांचं खाणं त्यांना आधी, थोडंसं, वेगवेगळ्या ताटल्यांत. तुमच्या डब्यातलं द्यायचं नाही. पिठल्यात कांदा-लसूण असतो, लाडवात बेदाणे, खिशात चॉकलेट. चारही गोष्टी कुत्र्यांना घातक. कोरडी भाकरी चालते.

परतीची वाट सावलीची निवडा, दोन पावलं जास्त पडली तरी. डांबरावर उतरण्याआधी हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. टेकवता आली नाही तर कुत्रंही चालू शकणार नाही. पेटवलेल्या पाचटाचं रान वरून काळं-थंड दिसतं, आत निखारा असू शकतो.

दर अर्ध्या तासाला थांबा आणि कुत्र्याकडे बघा. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबते आहे, हिरड्या गडद लाल, लाळ दाट, चाल झिंगल्यासारखी, हाकेला उशिरा वळतंय : हा उष्माघात. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सियस. ४१ च्या वर गेलं की आतले अवयव बिघडू लागतात. आधी गार करायचं, मग गाडीत घालायचं. सावलीत नेऊन अंगावर, विशेषतः पोटावर आणि मांड्यांच्या आत पाणी ओता, कशाने तरी वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता कोंडतो. पाणी घशात ओतू नका. पीत असेल तर पिऊ द्या. सावरल्यासारखं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

टप्पा ९ : गाडीपाशी आणि घरी

गाडीत बसवण्याआधी दहा मिनिटं तपासणीला द्या. मित्राने धरायचं, मालकाने बघायचं. बोटांच्या बेचक्या, कानांच्या आत, काखा, गळपट्ट्याखाली, शेपटीचं मूळ. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, पेटलेली काडी, तेल काही नाही. हिवाळ्यात कुसळं गोचिडांपेक्षा जास्त त्रास देतात. बोटांमध्ये शिरलेलं कुसळ आत आत सरकत जातं आणि आठवड्याने गाठ येते. कुत्रं सतत डोकं झटकत असेल किंवा एका बाजूला झुकवत असेल तर कानात कुसळ गेलेलं असू शकतं. ते स्वतः काढायला जाऊ नका.

वाटेत दोघांपैकी कुणाला कुठलंही कुत्रं चावलं असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. "आपलंच कुत्रं आहे" हे डॉक्टरांना सांगा, पण त्यावरून उपचार नकोत असं घरी ठरवू नका.

घरी साध्या पाण्याने चिखल उतरवा, पंजे कोरडे करा, जेवण तासाभराने. दुसऱ्या दिवशी फक्त लघवीपुरतं फिरणं.

त्यानंतरचे तीन आठवडे नजर ठेवायची. गोचिडांच्या तापाची लक्षणं लगेच दिसत नाहीत. कुत्रं मलूल झालं, खाणं सोडलं, नाकातून रक्त आलं किंवा पोटावर लाल ठिपके उठले तर थांबू नका. लघवी गडद पिवळी आणि डोळे पिवळे दिसले तर लेप्टोची शंका घ्या. डॉक्टरांना नदीकाठी गेल्याची तारीख आणि किती गोचिडी निघाल्या ते सांगा, म्हणजे रक्ताची कोणती तपासणी आधी करायची ते त्यांना ठरवता येतं. आणि मित्रालाही कळवा. त्याचं कुत्रं त्याच गवतातून चाललेलं असतं.